तंगूस, गरी आणि सर्जेकोटचा धक्का

कोकणात चार दिवस जायचं ठरलं की आपण बायका काय काय बरोबर घेतो, ते जरा आठवून बघा. मुलांचे जादा कपडे, घाटात लागतील म्हणून आवळासुपारी आणि लिंबू, खोबरेल तेल, चिवड्याचा डबा, टॉर्च, रात्रीसाठी एक चादर. सगळं घेतो. पण पिशवीच्या तळाशी तंगुसाची एक गुंडी टाकावी, असं काही आपल्या मनात येत नाही. तंगूस तुम्हाला माहीत आहेच. मण्यांच्या माळा ओवायला आपण वापरतो तो नायलॉनचा पारदर्शक धागा. कोकणात याच धाग्यावर मासे येतात, आणि मासे येतात म्हणजे घरात कालवण शिजतं.

माझं माहेर साताऱ्याकडचं, सासर मालवणजवळचं. संसार कोल्हापुरात. त्यामुळे मासे साफ करायला मी लग्नानंतर शिकले आणि ते पाण्यातून कसे येतात हे त्याहूनही उशिरा. दिवाळीनंतरचे आठ दिवस आम्ही दरवर्षी गावी असतो. त्या दिवसांत पाऊस सरलेला असतो, समुद्र निवळलेला असतो आणि बांगडा किनाऱ्याजवळ आलेला असतो. तुम्हालाही कोकणात जायचं असेल तर मी म्हणेन, मे महिना आंब्यांसाठी ठेवा आणि बांगड्यासाठी कार्तिकात या.

सर्जेकोट मालवणपासून चारपाच किलोमीटरवर आहे. कोळंबची खाडी जिथे समुद्राला मिळते तिथे शिवाजीमहाराजांच्या काळातला एक लहानसा किल्ला आहे, आणि त्याच्या आसऱ्याला मासेमारीचं बंदर. प्रवासी मालवणला येतात, होडीनं सिंधुदुर्ग किल्ला बघतात, तारकर्लीची वाळू तुडवतात आणि परत जातात. सर्जेकोटला मुद्दाम फारसं कुणी येत नाही. इथे बघायला आहे तरी काय? ओळीनं उभ्या होड्या, वाळत घातलेली जाळी, बर्फाच्या पेट्या, टोपल्या सावरत भांडणाऱ्या बायका आणि माशांवर टपलेली मांजरं. मला मात्र हेच जास्त आवडतं.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. मालवणचा समुद्र १९८७ साली सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झालेला आहे आणि सिंधुदुर्ग किल्ल्याच्या भोवतालचा भाग त्याच्या गाभ्यात येतो. तेव्हा दिसला खडक की टाकली गरी, असं करू नका. कुठे चालतं आणि कुठे नाही, ते गावातल्या माणसांना विचारा. ते अगदी बोट दाखवून सांगतात.

आमचे मोठे भावजी पूर्वी रापणीला जायचे. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं भलं मोठं जाळं. होडीतून ते अर्धगोल टाकत जायचं आणि मग दोन्ही टोकांचे दोर माणसांनी वाळूवरून ओढायचे. एका घरचं हे काम नव्हे, सगळी वाडी लागते. जे मिळेल त्याचे वाटे पडतात. बांगड्यांचा थवा सापडला तर किनाऱ्यावर चांदीचा ढीग, नाही तर वाट्याला चार पेडवे. अलीकडे चार पेडव्यांचेच दिवस जास्त येऊ लागले. खोल समुद्रात पर्ससीनची मोठी जाळी आली, दिव्यांच्या झोतावर मासे गोळा करणं आलं. त्या दिव्यांच्या मासेमारीवर केंद्र सरकारनं २०१७ साली बंदी घातली. तरी रात्री क्षितिजावर कुठे लखलखाट दिसला की भावजी अंगणातल्या बाकावर बसून तिकडे बघत राहतात, बोलत काही नाहीत. त्यात त्यांचे गुडघे गेले. वाळूत पाय रोवून दोर ओढणं बंद झालं. तेव्हापासून संध्याकाळी धक्क्यावर जाऊन गरवणं, म्हणजे गरीनं मासे धरणं, एवढंच त्यांच्या हाती राहिलं. आणि त्या गऱ्या तयार करतात आमच्या मोठ्या जाऊबाई.

आता तुम्ही म्हणाल, गरी तयार करण्यात एवढं काय आहे? आकड्याला कोळंबीचा तुकडा लावला की झालं. इतर माशांचं होत असेल, बांगड्याचं तसं नाही. त्याचं कारण तुम्हाला तुमच्या मोरीतच सापडेल. पुढच्या वेळी बांगडा साफ कराल तेव्हा त्याचे कल्ले टाकून देण्याआधी जरा उघडून बघा. आत फणीच्या दातांसारखी लांब, नाजूक, पिसासारखी एक रांग दिसेल. बांगडा तोंड उघडून पोहतो आणि या फणीनं पाण्यातले बारीक जीव गाळून घेतो. आपण चहा गाळतो तसाच. त्याच्या शास्त्रीय नावातल्या पहिल्या शब्दाचा, रास्ट्रेलिजरचा, अर्थच मुळी ‘लहानसं दाताळं बाळगणारा’ असा आहे. मोठा झाल्यावर तो कोळंबीची आणि माशांची बारीक पिल्लंही खातो. पण बोटभर आमिष गिळणारं हे तोंड नव्हे. म्हणून त्याच्यापुढे असं काही नाचवावं लागतं की त्याला वाटावं, बारीक चमचमतं पिल्लू चाललं आहे.

“बांगड्याक खाऊक घालूचा नाय गो, तेका फसवूचा,” असं जाऊबाई म्हणतात. आणि फसवायचं सामान कुठलं? पांढऱ्या कोंबडीची मानेवरची पिसं. मुलांच्या चॉकलेटची चांदी. दुधाच्या पिशवीची केसाएवढी बारीक कापलेली पट्टी. आणि या सगळ्यांवर ताण म्हणजे जुन्या साडीची जर! माझी एक लग्नातली साडी अशी विरली होती की बोहारीणसुद्धा घेईना. तिचे काठ मी जाऊबाईंना नेऊन दिले. खरी जर नव्हतीच ती, पण पाण्यात चमकायला खोटी जरही पुरते. आकड्याच्या दांडीला जरीचे चारपाच धागे, वर एक पीस, त्यावर लाल रेशमाचे तीन घट्ट वेढे आणि टोकाला नखांच्या पॉलिशचा एक थेंब, म्हणजे वेढे सुटत नाहीत. बोटभर लांबीची ही वस्तू त्या दोन मिनिटांत करतात आणि चष्मा न लावता करतात. अशा सहा गऱ्या एका धाग्याला, एकमेकींपासून वीतभर अंतरावर, फांद्यांसारख्या आखूड काढायच्या. तळाशी शिशाचं वजन. या सगळ्याला जाऊबाई ‘माळ’ म्हणतात.

आकड्यांच्या नंबरांनी पुरुषमाणसंसुद्धा गोंधळतात, आपण मात्र गोंधळायचं कारण नाही. विणकामाच्या सुयांचं जे आपण शिकलो तेच इथे आहे : नंबर वाढला की वस्तू बारीक. आठ नंबरपेक्षा बारा नंबरची गरी लहान. बांगड्याला आठ ते बारा यांतली कुठलीही चालते. दुकानदार ‘मोठी घ्या, मोठा मासा लागेल’ म्हणून चार नंबरची गळ्यात मारू बघतो. घेऊ नका. ती बांगड्याच्या तोंडात मावली तरी त्याचा ओठ फाडते, आणि बांगड्याचा ओठ म्हणजे ओल्या कागदासारखा.

रंगाबद्दल धक्क्यावर जितकी माणसं तितकी मतं असतात. कुणी हिरवा चांगला म्हणतो, कुणी गुलाबी. मला जे दिसलं ते एवढंच, की पाणी स्वच्छ आणि ऊन लख्ख असेल तेव्हा साधं पांढरं पीस आणि थोडीशी जर पुरते, फार चकचकाट केला तर मासा बिचकतो. दिवेलागणीला किंवा पाणी गढूळ असताना मात्र जरीचे धागे जास्त लावावेत. आपण संध्याकाळच्या लग्नाला जरा भरजरी नेसतो, तसंच.

आता तंगुसाचं बघू. इथेच सगळे फसतात. गुंडीवर दोन आकडे छापलेले असतात. एक जाडीचा, मिलिमीटरमध्ये, आणि दुसरा तो किती किलो ताण सोसेल याचा. आपण काय हिशेब करू? बाजारात बांगडे किलोला सातआठ बसतात. सहा गऱ्यांना सहा लागले तरी पाऊण किलो, वर शिसं पन्नास ग्रॅम. म्हणजे दोन किलोचा तंगूस पुरेसा झाला. कागदावर हे बरोबर आहे. पण ते सहा बांगडे ताटात वाढून ठेवलेले नसतात, सहा दिशांना धडपडत असतात. पाण्यात असेपर्यंत त्यांचं वजन जाणवत नाही, पण पाण्याबाहेर काढून धक्क्यावर उचलताना सगळा भार एकदम धाग्यावर येतो. शिवाय गाठ मारली की धाग्याची ताकद घटते, आणि धक्क्याच्या कडेला घासून घासून तो अधूच झालेला असतो.

तरीही खरं कारण हे नव्हेच. पहिल्यांदा मी जाऊबाईंचा मुख्य धागा हातात घेतला तेव्हा विचारलं, “एवढ्याशा माशाला इतका जाड कशाला?” धागा ०.४० मिलिमीटरचा होता, आठदहा किलो सोसणारा. त्या म्हणाल्या, “जाडो तंगूस माशाक नाय गो, हाताक.” काठी आणि चक्री असली तर ०.२५-०.३० चा धागा खुशाल वापरा. पण आपल्यासारख्यांनी नुसत्या हातानं ओढायचं, तर बारीक धागा बोटात सुरीसारखा उतरतो. त्यात हात ओले आणि खारट. ज्या हातांनी रात्री वाटण वाटायचं आहे ते हात आधी सांभाळायला हवेत. धागा गुंडाळायला पाण्याची रिकामी प्लॅस्टिकची बाटली उत्तम. तळहाताला मात्र कधीही गुंडाळायचा नाही.

हे मी इतकं ठासून सांगते त्याला कारण आहे. मागच्या खेपेला धक्क्यावर एक नवविवाहित जोडपं आलं होतं. मुलाजवळ छान काठी, चक्री, आणि तिच्यावर हल्ली मिळतो तो विणलेला रंगीत दोरा. शिवणाच्या दोऱ्याइतका बारीक आणि सोसतो म्हणे वीस किलो. ‘तुटणारच नाही’ असं त्याला दुकानात सांगितलं होतं. तो खरंच तुटला नाही! शिसं खडकात अडकलं, त्यानं काठी बाजूला ठेवली, दोरा दोनदा हाताला गुंडाळला आणि हिसका दिला. करंगळीखाली अशी चीर पडली की ती मुलगी मटकन खालीच बसली. जाऊबाईंनी गोड्या पाण्यानं हात धुतला, स्वच्छ फडक्यानं घट्ट दाबून धरला, आणि हळदबिळद काही न लावता त्याला सरळ डॉक्टरकडे पाठवलं, धनुर्वाताची सुई घ्यायला. जाता जाता तो विचारतो, “काकू, याहून मजबूत दोरा कुठे मिळेल?” जाऊबाई हसल्या नाहीत. “बाबा, तुका तुटणारो दोरो होयो,” एवढंच म्हणाल्या.

तुटणारा दोरा का, ते सांगते. जाऊबाईंच्या माळेत तीन जाडीचे धागे असतात. हातातला ०.४० चा. गऱ्यांच्या फांद्या ०.२५ च्या, म्हणजे एखादी गरी कुठे अडकली तर तेवढीच फांदी तुटते, बाकीची माळ वाचते, आणि शिवाय बारीक धागा माशाला दिसतही नाही. शेवटी शिसं बांधायचं ते सगळ्यात कच्च्या, ०.२० च्या तुकड्यानं. शिशालाच कपारीत शिरायची खोड असते. तिथे तो कच्चा तुकडा तुटतो आणि पाच गऱ्या, कधी सहाही, नशीब असेल तर माशांसकट वर येतात. सगळा धागा सारखाच मजबूत असेल तर गेलं की सगळंच जातं. गाठी आवळण्याआधी पाण्यानं ओल्या करायच्या, कोरड्या आवळल्या तर तापून कमजोर होतात. आणि तंगूस खिडकीत, उन्हात ठेवायचा नाही. दिसायला तसाच दिसतो, पण आतून मेलेला असतो. शिशाला हात लावला की हात साबणानं धुवायचे, आणि मुलांना ते दातांत धरू द्यायचं नाही. हे आईच्या नात्यानं सांगते.

संध्याकाळी पाचच्या सुमाराला, भरतीचं पाणी चढत असताना भावजी आपल्या ठरलेल्या जागी बसतात. माळ सोडताना मनात आकडे मोजतात, एक, दोन, तीन. पंधरावर शिसं तळाला टेकतं. मग थोडी वर घेऊन पाळण्याची दोरी ओढावी तशी हलके हलके खालीवर करत राहायचं. झटके नाहीत, घाई नाही. कधी तास तास काही होत नाही. मग कुठे पाण्यावर पावसाचे थेंब पडावेत तशी थरथर उठते, आणि कुणीतरी हलक्या आवाजात म्हणतं, “इले.” नवव्या आकड्याला माशानं धरलं तर पुढच्या वेळी माळ नऊवरच थांबवायची, सगळा थवा त्याच खोलीवर असतो. “पयलो लागलो म्हणान लगेच वडू नको, वायच थांब. तेचे भावबंद येवंदेत,” हा भावजींचा मला मिळालेला पहिला धडा. एक फडफडला की बाकीच्या गऱ्या नाचू लागतात, आणि त्या बघून दुसरे येतात. पण फार वेळही थांबायचं नाही, नाही तर माळेचा असा गुंता होतो की तो सोडवण्यात थवा निघून जातो. दोन-तीन लागले की एका लयीत, मध्ये न थांबता ओढून घ्यायचं. धागा ढिला पडला की ओल्या कागदाचा ओठ सुटलाच.

एखाद्या दिवशी बांगड्यांच्या मागे सुरमई असते. मग लागलेल्या बांगड्यासकट ती माळ अशी पळवते की कात्रीनं कापल्यासारखा धागा हातात राहतो. पोरं हळहळतात. भावजी फक्त उरलेला धागा बोटांत फिरवून कुठे खरचटलाय का ते बघतात आणि नवी माळ मागतात.

जाऊबाईंना हिशेब मात्र करावाच लागतो. एक माळ गेली म्हणजे सहा आकडे गेले, आणि आकडे विकत आणावे लागतात. पिसं आणि जर फुकट, हातांची मेहनत धरायचीच नाही. दिवाळी आणि नाताळच्या सुट्टीत मालवणची दोनतीन दुकानं त्यांच्या माळा ठेवून घेतात. कारखान्याच्या चकचकीत पाकिटांशेजारी त्या पुठ्ठ्याला गुंडाळलेल्या माळा गरीब दिसतात, पण गेल्या डिसेंबरात त्या सगळ्या विकल्या गेल्या. धाकट्या पुतणीच्या नर्सिंगच्या फीमधला एक हप्ता त्यातून भरला गेला. रापणीचा वाटा आला नाही त्या दिवशी कालवण धक्क्यावरून येतं, आणि धक्क्यावरूनही आलं नाही तर डब्यातला खारवलेला बांगडा निघतो. सासूबाई असत्या तर सुनेनं गऱ्या विकायच्या हे त्यांना रुचलं नसतं, असं जाऊबाई स्वतःच म्हणतात आणि पुढचा आकडा उचलतात.

लहान पिल्लू लागलं तर भावजी हात ओला करून ते सोडवतात आणि लगेच पाण्यात टाकतात. राज्य सरकारनं २०२३ साली चौपन्न जातींच्या माशांची किमान लांबी ठरवून दिली, त्याच्या कितीतरी आधीपासून ते हे करत आले आहेत. कोरड्या हातानं धरलं तर माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि मग तो जगत नाही.

आता तुमच्या-माझ्या कामाचं. बांगडा पाण्याबाहेर आला की पटकन मरतो आणि त्याहून पटकन बिघडतो. धक्क्यावर जाताना डब्यात किंवा थर्माकोलच्या पेटीत बर्फ घेऊनच जा, आणि मासा सुटला की थेट बर्फात टाका. फोटो नंतर. उन्हात पडलेल्या बांगड्यात हिस्टामिन नावाचं द्रव्य तयार होतं आणि ते कितीही उकळलं, तळलं तरी जात नाही. खाल्ल्यावर तोंड लाल होतं, अंगावर गांधी उठतात, डोकं ठणकतं. आपण म्हणतो ‘मासे बाधले’. मासा बाधत नाही, त्याचं ऊन बाधतं. कोल्हापूर-सांगलीकडे बाजारातून घेतानाही डोळे स्वच्छ, कल्ले लाल आणि अंग ताठ आहे ना, हे बघूनच घ्या.

तुटलेला तंगूस खडकावर टाकून येऊ नका. तो कुजत नाही. पक्ष्यांच्या पायात अडकतो, आणि सिंधुदुर्गच्या किनाऱ्यावर अंडी घालायला समुद्री कासवं येतात, त्यांच्या गळ्यातही. जाऊबाई तुकडे जमा करून घरी आणतात आणि बारीक बारीक कापून कचऱ्यात टाकतात. जुने आकडे झाकणाच्या बाटलीत जातात, कारण घरात अनवाणी फिरणारी नातवंडं आहेत.

यायचं असेल तर रेल्वेनं कुडाळ किंवा कणकवलीला उतरा, पुढे मालवणला एस.टी. आहे आणि मालवणहून सर्जेकोटला रिक्षा मिळते. धक्क्यावर संध्याकाळी पाचला या, सकाळी तांबडं फुटताना आलात तर त्याहून बरं. आणलेल्या बांगड्यांचं तिखलं करा. ओलं खोबरं, सुकी मिरची, चार सोलं आणि बिया काढून ठेचलेली तिरफळं. सहा बांगड्यांना आठदहा तिरफळं पुरतात, जास्त झाली तर जीभ बधिर होते. फोडणी नको, तिरफळाच्या वासावर ती कुरघोडी करते. आणि गरीनं धरलेला मासा असेल तर तुकडे करण्याआधी प्रत्येकाचं तोंड उघडून आत बोट न घालता, उजेडात धरून बघा. एखादा तुटका आकडा आणि त्याला चिकटलेली जर अजून तिथेच असते.